फारसीचे गिऱ्हाईक का तुटले?

परकी भाषा माणूस हौसेने कमी, पोटासाठी जास्त शिकतो. कापडाच्या दुकानात पाहा. गज, जरी, अस्तर, रुमाल, पायजमा हे शब्द फारसीचे. दुकान, दलाल, नफा मूळचे अरबी, पण आले फारसीच्याच वाटेने.

मोगल अमदानीत फारसी येणाऱ्याला दफ्तरात नोकरी मिळे. म्हणून कायस्थ, खत्री घरांतली मुलेही ती शिकत. राजा राममोहन रॉय यांनी १८२२ मध्ये कलकत्त्यात फारसी साप्ताहिक काढले होते. पुढे १८३७ मध्ये कंपनी सरकारने कचेऱ्यांतून फारसी हटवण्याचा कायदा केला. नोकरी गेली, तसे विद्यार्थीही गेले. भाषेची गोडी कमी झाली नव्हती. तिचे गिऱ्हाईक तुटले. गरज सरो, वैद्य मरो!

आज तो मान इंग्रजीला आहे. आखातात माल पाठवणाऱ्याला अरबी आणि चीनहून यंत्रे आणणाऱ्याला चिनी कामाची आहे. मुलांना या भाषा जरूर शिकवाव्यात. मात्र व्यापाऱ्याने एक हिशेब विसरू नये. बाजारात घेतलेली भाषा बाजार उठला की सुटते, घरात बोललेली टिकते. पोटाची भाषा शिकताना घरची भाषा मुलांच्या तोंडून जाऊ देऊ नका.