आपली घरे कोण दाखवणार?

जुन्या शहरांतली ऐतिहासिक घरे पायी फिरून दाखवणाऱ्या ‘वारसा फेऱ्या’ हल्ली बऱ्याच निघतात. जरूर निघाव्यात. पण बहुतेक फेऱ्या सरदाराच्या वाड्यापासून निघतात आणि सावकाराच्या वाड्यापाशी संपतात. गावकुसाबाहेर कुणी राहतच नव्हते काय?

परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेब राहत. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी त्यांचे घर तेच होते. पुढे दादरला ग्रंथांसाठी ‘राजगृह’ उभे राहिले. चाळीपासून राजगृहापर्यंत तासाभराची पायवाट. पण ती एका समाजाची वाटचाल आहे.

संविधानाचा अनुच्छेद ४९ स्मारकांचे रक्षण राज्यावर सोपवतो. मात्र कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची घोषित झालेल्यांचेच. घोषणेआधी मागणी लागते, आणि न पाहिलेल्या घरासाठी कोण भांडणार?

म्हणून चिखलोलीच्या बांधवांनो, येत्या रविवारी अंबरनाथहून लोकल पकडा, मुलांना ही वाट चालवा. परत आल्यावर आपल्या वस्तीतही फिरा. पहिली बुद्धवंदना कुणाच्या अंगणात झाली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ते घर पाडून टॉवर उभा राहिला, तर निदान कागदावर तरी आपला पुरावा उरेल. जयभीम!