झोपेची कार्यक्षमता

रात्रीचे दोन वाजले आहेत. अंथरुणावर पडून चार तास झाले, पण डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी मोबाइल दूर ठेवावा, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मग त्याच मोबाइलवरचे ॲप निद्रानाशावर उपचार कसे काय करते?

गंमत अशी, की हे ॲप दिवसा वापरायचे असते. सकाळी त्यात दोन आकडे भरायचे : अंथरुणावर किती वेळ होतो आणि त्यापैकी झोप किती वेळ लागली. (अंदाजानेच, रात्री घड्याळ बघायचे नाही!) दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून शंभराने गुणले, की मिळते झोपेची कार्यक्षमता. यंत्राची काढतो ना, तशीच.

समजा, एक गृहस्थ रात्री १० ते सकाळी ६ अंथरुणावर असतात. झोप मात्र साडेपाच तास. कार्यक्षमता सुमारे ६९ टक्के. ॲप त्यांना 'लवकर झोपा' म्हणेल? छे! ते सांगते, साडेबारापर्यंत अंथरुणाकडे फिरकू नका आणि सहाला उठाच. जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. काही दिवसांत गृहस्थ पाठ टेकताच झोपू लागतात. कार्यक्षमता ८५-९० टक्क्यांवर टिकली, की १५ मिनिटे वाढवून मिळतात; मग आणखी १५. पहिले आठवडे मात्र कठीण. दिवसा पेंग येते. म्हणून वाहनचालकाने किंवा अपस्माराच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्यावाचून हे करू नये.

ही युक्ती ॲपवाल्यांची नव्हे. अमेरिकेतील आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली ती मांडली. झोप येत नसेल तर सरळ उठून बाजूला बसावे, हा नियम त्याहून जुना, रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा. झोपेच्या गोळ्यांची सवय जडते. म्हणून अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांसाठी आधी हेच उपचार सुचवले. पण शिकवणारे तज्ज्ञ मोजके आणि जागणारे असंख्य! तेव्हा कॉलिन एस्पी व सहकाऱ्यांनी तज्ज्ञाचे काम संगणकावर सोपवले. २०१२ च्या त्यांच्या प्रयोगात १६४ जण होते आणि एका गटाला मुद्दाम खोटा उपचार दिला होता. खरा उपचार घेणाऱ्यांची झोप अधिक सुधारली. त्यातूनच आलेल्या 'स्लीपिओ'ची शिफारस ब्रिटनच्या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये केली.

बाजारातली सगळीच 'झोपेची' ॲप्स अशी नसतात. पावसाचा आवाज ऐकवणारे ॲप म्हणजे हा उपचार नव्हे.

आणि हो, तुमच्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती कमी करण्याचा प्रयोग स्वतःवर करू नका. भागाकार मात्र आठवडाभर जरूर करून पाहा. त्याला वही-पेन्सिल पुरते.