सुपारी कोणास लागते?

श्रीवर्धन-मुरूडच्या वाडीत वाढलेल्यास सुपारी 'लागणे' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच सुपारीची दोन खांडे दोन सख्ख्या भावांनी खावीत. एकास काहीच होऊ नये आणि दुसऱ्याने घामाघूम होऊन ओटीवर आडवे व्हावे. 'त्याला सोसत नाही' एवढेच म्हणून घरची वडीलधारी मंडळी पाण्याचा तांब्या पुढे करतात. सात्म्य हे एक कारण झाले. परंतु प्रथमच खाणाऱ्या दोघांतही हा भेद दिसतो. त्यात बीजाचा भाग किती?

मनुष्यांत हे ठरविणे कठीण. म्हणूनच प्रयोगशाळांनी उंदरांचे शुद्ध वंश सिद्ध केले. सख्ख्या भावाबहिणींचा संकर किमान वीस पिढ्या चालविला की त्या वंशातील उंदीर एकमेकांच्या जुळ्यांसारखे होतात. अशा निरनिराळ्या वंशांना वजनाच्या प्रमाणात समान मात्रेने कोकेन, अँफेटामाइन अथवा चहा-कॉफीतील कॅफिन दिले असता एक वंश पिंजऱ्यात सैरावैरा धावतो, तर दुसऱ्यात फारसा फरक पडत नाही. भेद किती सूक्ष्म असू शकतो पाहा : 'सी ५७ ब्लॅक ६' या प्रसिद्ध वंशाची एक शाखा १९५१ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेतून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेली. या शाखेतील उंदीर कोकेनला मूळ शाखेपेक्षा कमी प्रतिसाद देतात, आणि त्यामागे 'सायफिप-२' या जनुकातील एकाच अमिनो आम्लाचा बदल आहे, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. नाव एक, रंग एक, प्रतिसाद मात्र निराळा!

तथापि बीज हेच सर्वस्व नव्हे. १९९९ मध्ये पोर्टलंड, अल्बनी व एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी तेच वंश, तीच उपकरणे, तोच क्रम ठेवून एकाच वेळी प्रयोग केले. त्यांत कोकेनचाही प्रयोग होता. वंशभेद ठळक दिसले, तरी काही निष्कर्ष प्रयोगशाळेगणिक बदलले. देश, काल व सत्त्व यांचा विचार करणाऱ्या आपल्या मंडळींस याचे नवल वाटू नये.

येथे आम्हांस स्वतःची चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याने सुपारीयुक्त पाकाचा प्राणिज चाचणीचा अहवाल आम्हांस दाखविला. 'पांढऱ्या उंदरांत निर्दोष' हे शब्द वाचून आम्ही तो पाक निःशंकपणे देऊ लागलो. सुपारी कधीही न खाल्लेल्या एका रुग्णेस दुसऱ्याच दिवशी चक्कर, स्वेद व हृद्द्रव ही लक्षणे झाली. मात्रा निम्मी करूनही ती राहिली. पाक थांबविल्यावर गेली. अहवाल पुन्हा काढून पाहिला, तर उंदरांचा वंश, लिंग, संख्या यांपैकी काहीच त्यात नव्हते. ते आम्ही आधी पाहावयास हवे होते.

पुणे विद्यापीठात १३२ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात औषधाचे पचन मंद करणारा 'सीवायपी २सी१९' जनुकप्रकार कफप्रकृतीत ३१ टक्के, तर पित्तप्रकृतीत सुमारे साडेनऊ टक्के आढळला. आपल्यापैकी अनेकजण याचा उल्लेख अभिमानाने करतात. करावा, पण संख्या लहान आहे, आणि कॅफिनचे पचन मुख्यतः 'सीवायपी १ए२' या निराळ्याच विकराने होते. हा आधार घेऊन उत्तेजक द्रव्यांची मात्रा प्रकृतीनुसार ठरविणे आज तरी घाईचे होईल.

आता आम्ही सुपारीयुक्त कल्प देण्यापूर्वी एकच प्रश्न आवर्जून विचारतो : 'तुम्हांस कधी सुपारी लागली होती का?' होकार आला तर तो कल्प देत नाही. औषधनिर्मात्यांकडेही वंश, लिंग, संख्या व मात्रा ही चार उत्तरे लेखी मागतो. तिघांकडून ती आली; चौथ्याने 'आजवर कोणी विचारले नव्हते' असे कळविले.