दिल्लीची पुळण

'दिल्लीहून दिवसभर रमतगमत समुद्रकाठाने चालायचे, तर सर्वांत जवळचा किनारा कोणता?' गुरुग्रामच्या एका मराठी वाचकाचा प्रश्न. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे; किनारा मात्र घराजवळच आहे. अरवलीचे दिल्लीत शिरलेले टोक, म्हणजेच रिज, गाठा आणि खाली बघत चाला.

पायाखालचा क्वार्ट्झाइट ही एका उथळ समुद्राची वाळू आहे, निदान शंभर कोटी वर्षांहून जुनी. दाबाने आणि उष्णतेने ती इतकी एकजीव झाली, की हातोडा घातला तर भेग कणांना वळसा घालत नाही, कण चिरत जाते. तरीही काही थरांवर लहरी शाबूत आहेत, अगदी गुहागरच्या पुळणीवर ओहोटीनंतर उमटतात तशा. हात फिरवून पाहा. दोन्ही उतार सारखे लागले तर तिथे लाटांचे पाणी मागेपुढे झुलत होते. एक उतार उभा असेल तर पाणी त्या दिशेला वाहत होते. त्या किनाऱ्यावर शिंपला नव्हता, कुर्ली नव्हती, गवताचे पातेही नव्हते. दिवससुद्धा आजच्यापेक्षा लहान होता.

अशा लहरी मुळात उठतात कशा, याचा छडा लावणाऱ्यांत हर्था आयर्टन यांचे नाव आदराने घ्यायला हवे. घड्याळजीची ही मुलगी विजेच्या कमानदिव्यांवरील संशोधनासाठी नावाजली होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तिने वाळूच्या लहरी पाहिल्या आणि घरी काचेच्या टाक्यांत पाणी झुलवून त्या पुन्हा घडवल्या. वाळूत जरासा उंचवटा पुरतो. पाणी त्यावरून जाताना त्याच्या आडोशाला भोवरा फिरतो, वाळू उकरून उंचवट्यावर चढवतो आणि शेजारी नवा उंचवटा घडतो. झुलत्या पाण्याने लहरीला लहर जोडली जाते.

1902 मध्ये रॉयल सोसायटीने तिला सदस्यत्व नाकारले, कारण ती विवाहित स्त्री होती. 1904 मध्ये त्याच सोसायटीत तिने लहरींवरचा निबंध स्वतः वाचला. तिथे स्वतःचा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. 1906 मध्ये ह्यूज पदक मिळाले, सदस्यत्व कधीच नाही. सोसायटीत स्त्रियांना प्रवेश मिळायला 1945 उजाडले. आयर्टन 1923 मध्येच गेल्या होत्या. हा अन्याय मला अजून सलतो.

रिजवर सकाळी लवकर जा किंवा ऊन कलल्यावर. भरदुपारी खडक सपाट वाटतो. तिरप्या उन्हात प्रत्येक लहरीची सावली पडते.