गाडीत कंपोनंट स्पीकर बसवताय? आधी दरवाजा बघा!

आजचा भाग गाडीतल्या साउंडवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी इथे उतरवून ठेवलाय.

रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी लागली, सेकंडहँड गाडी दारात आली, की पहिला खर्च कशावर? साउंडवर! दुकानात पेटीवरचे ३५० वॅट बघायचे आणि पैसे मोजायचे. मग महिनाभरात तक्रारी सुरू. बेसच नाही, दरवाजा थरथरतो, काच खाली घेताना कुठंतरी घासते. आता स्पीकर बहुतेक वेळा चांगलाच असतो हो. गडबड बसवण्यात असते. आजचं सूत्र एवढंच: अर्धा स्पीकर दुकानात मिळतो, उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचा दरवाजा.

कंपोनंट म्हणजे नेमकं काय?

साध्या कोएक्सिअल स्पीकरमध्ये ट्विटर मधोमध बसवलेला असतो. कंपोनंट सेटमध्ये सगळं सुटं. दरवाजात मोठा स्पीकर, बहुतेक ६.५ इंची. ट्विटर वेगळा, वर काचेच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर. आणि दोघांना आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर.

चौफुल्याला संगीत बारी ऐकली असेल तर हे लगेच कळेल. ढोलकीच्या डाव्या हाताचा घुमारा मोठ्या स्पीकरचं काम, घुंगरांची छनछन ट्विटरचं. साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर ही वाटणी करतो. बारीक आवाज सरळ रेषेत जातो, तो गुडघ्यापाशी सोडला तर सीटला आणि पायांना अडतो. म्हणून ट्विटर वर घ्यायचा. मग गाणारी बाई पायाशी नाही, समोर उभी राहून गातेय असं वाटतं.

पेटीवरच्या वॅटला भुलू नका

पेटीवर मोठ्या अक्षरात असतो तो पीक वॅट, म्हणजे क्षणभर सोसण्याची ताकद. आपण बघायचा आरएमएस, म्हणजे सतत चालणारी ताकद. गाडीच्या डेकवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असलं, तरी अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर एका स्पीकरला खरे १५ ते २० वॅटच मिळतात. म्हणून नुसत्या डेकवर चालवणार असाल तर ज्याची सेन्सिटिव्हिटी जास्त, ९० डेसिबलच्या पुढे, तो स्पीकर घ्या. तो कमी वॅटमध्येही खणखणीत वाजतो.

आता मुख्य मुद्दा: दरवाजा

स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, तेव्हाच मागची हवा ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटला की बेस कापला जातो. दरवाजाचं पॅड काढून बघा, आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. तिथूनच मागचा आवाज पुढे येतो.

उपाय असे:

- आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची आणि ब्यूटाइल डॅम्पिंग शीट लावायची. स्वस्त डांबरी शीट नको, उन्हात वास मारते आणि सुटते.
- दरवाजाच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात. ती कधीच बुजवायची नाहीत. पावसाचं पाणी साचलं की दरवाजा आतून गंजतो.
- स्पीकरखाली प्लास्टिकची रिंग घ्या. एमडीएफची रिंग पाण्यानं फुगते.
- बसवण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन मागं किती जागा उरते ते मोजा. काच मॅग्नेटला लागली तर काच तरी जाईल, नाहीतर मोटर.

बजेट दहा हजारांचं असेल, तर त्यातले तीनेक हजार या कामासाठी बाजूला ठेवा.

जिवाशी खेळ होतो ते इथे

कंपनीची वायर कापून जोडू देऊ नका. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तोच मागा. कापलेल्या वायरवरून वॉरंटीचा वाद होऊ शकतो. पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन. काही गाड्यांत पुढच्या काचेशेजारच्या खांबात कर्टन एअरबॅग असते. तिथं ट्विटर ठोकला तर अपघातात तो सरळ तोंडावर येईल.

अ‍ॅम्प्लिफायर लावणार असाल, तर बॅटरीवरून येणाऱ्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. वायर पत्र्यावर घासून सोलली गेली, तर आग आणि तुमच्यामध्ये तो फ्यूजच उभा असतो. 'चालतंय की भाऊ' म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

पैसे देण्याआधी तीन चाचण्या

एक, बॅलन्स मधोमध ठेवून बेसचं गाणं लावा आणि मग बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एका बाजूला नेल्यावर बेस वाढला, तर एका स्पीकरचा प्लस-मायनस उलटा जोडलाय.

दोन, आवाज चालू ठेवून चारही काचा वर-खाली करा. कुठं घासता कामा नये.

तीन, चक्कर मारा. शिरूरवाल्यांनी न्हावऱ्याच्या रस्त्याला, दौंडवाल्यांनी पाटसपर्यंत. पॅड खडखडलं तर क्लिपा तुटल्यात, तिथल्या तिथं नव्या बसवून घ्या.

आणि आवाज इतकाच ठेवा की मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येईल. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागं दिवे असतीलच असं नाही. डोळ्यांबरोबर कानही रस्त्यावर हवेत.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि बजेट कळवा, पुढच्या भागात अ‍ॅम्प्लिफायरचं गेन कसं लावायचं ते बघू. तोवर ऐकत रहा, पण बेताने!