मालवाहू चाकं (भाग ७) : पासिंग आणि रुबाब

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहिलं की गाड्यांचे दोन तोंडवळे डोळ्यांत भरतात. एक चपट्या तोंडाचा. त्याची काच जवळजवळ बंपरच्या रेषेत असते आणि पत्र्यामागे लगेच ड्रायव्हरचे गुडघे. दुसरा नाकवाला, म्हणजे पुढे बॉनेट असलेला. पहिल्याला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. दुसऱ्याला नुसतं ‘पिकअप’. भाडं ठरवताना मात्र तोंडाकडे कोणी बघत नाही. तिथे प्रश्न एकच : “पासिंग किती?”

आरसी बुकात दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि मालासकट भरलेल्या गाडीचं. पहिलं दुसऱ्यातून वजा केलं की जे उरतं ते पासिंग. ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला हमाल हेही त्या उरलेल्या किलोंतच मोजायचे असतात, पण हा भाग गाडीमालक सोयीने विसरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा माल भरल्यास २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही.

आता हे किलो डोळ्यांसमोर आणायचे तर टोमॅटोचं कॅरेट घ्यावं. २० किलो माल आणि प्लास्टिकचे दोनेक किलो धरले तर ७५० किलो पासिंगच्या छोट्या हत्तीत ३४ कॅरेट बसतात. हौद्याच्या एका थरात साधारण १६ मावतात, म्हणजे दोन थर आणि वर दोन कॅरेट. इथे कायदा संपतो; माणसं मोजली तर त्याही आधी. बाजारातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर किती थर असतात हे ज्याचं त्याने मोजावं.

या छोट्या हत्तीची जन्मकथा पुण्याची. टाटा मोटर्सने मे २००५ मध्ये ‘एस’ बाजारात आणली, तेव्हा किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास होती. ती घडवणाऱ्या गिरीश वाघ यांच्या चमूने त्याआधी काही वर्षं तीनचाकी टेम्पोवाल्यांशी बोलण्यात घालवली होती. त्या बोलण्यातला एक किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगितला जातो : एका टेम्पोवाल्याला चारचाकी हवी होती, कारण तीनचाकीवाल्याला गावात मुलगी द्यायला लोक कचरतात. गाडीच्या रुपाची चर्चा करताना हा किस्सा विसरून चालत नाही. मालवाहू गाडी घेणाऱ्याला दिसण्याचं काय, असं शहरातल्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात ती गाडी त्याचं दुकान असते, पाटी असते आणि अनेकदा घरातली एकमेव चारचाकीही असते.

इंजिनाची गोष्ट तर खास देशी हिशेबाची. इंडिकाचं डिझेल इंजिन १४०५ सीसीचं, चार सिलिंडरचं. एससाठी त्याचं बरोबर अर्धं केलं : दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. हे इंजिन सीटखाली गेलं, बॉनेटची गरज उरली नाही आणि ३.८ मीटर लांबीच्या गाडीत सुमारे २.२ मीटरचा हौदा मिळाला. लांबीचा जवळजवळ ५८ टक्के भाग मालाला! चपटं तोंड ही कुणा चित्रकाराची लहर नव्हती. पेठेतल्या बोळात वळायचं आणि तरीही हौदा मोठा हवा, या दोन मागण्यांचं ते उत्तर होतं. २०१७ पर्यंत अशा २० लाख गाड्या विकल्या गेल्या.

मग नाकवाल्या पिकअपला गिऱ्हाईक का मिळतं? एक कारण ड्रायव्हर लगेच सांगतो : “पुढे काहीतरी आहे.” समोरून धडक बसली तर पायाआधी इंजिन येईल, हा दिलासा. दुसरं कारण वजनाच्या वाटणीचं आहे आणि ते घाटात कळतं. माल मागच्या आसाच्याही मागे सरकला की गाडीचं तोंड हलकं होतं, स्टीअरिंग हातात तरंगू लागतं. बॉनेटखालचं जड इंजिन पुढची चाकं जमिनीला धरून ठेवतं. भरलेली गाडी घेऊन रोज माळशेज उतरणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पासिंगचा आकडा मात्र तोंडावर ठरत नाही. तो ठरतो खाली वाकून बघितल्यावर दिसणाऱ्या गोष्टींवर. चॅसी किती जाड, मागचा आस किती भक्कम, टायर कुठल्या मापाचे, ब्रेक कसे आणि स्प्रिंगला पाटे किती. पाटे वाढवले की वजन पेलतं, पण रिकामी गाडी खड्ड्यात उडते आणि ड्रायव्हरची कंबर संध्याकाळपर्यंत बोलू लागते. गॅरेजमध्ये जादा पाटा टाकून घेणारे पुष्कळ आहेत. त्याने गाडी बसत नाही इतकंच. ब्रेक तेच राहतात आणि आरसीवरचा आकडाही तोच.

गेल्या काही वर्षांत या आकड्याची चढाओढ लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांनी ‘योद्धा २.०’ आणली, २ हजार किलोंची. सात महिन्यांत, एप्रिल २०२३ मध्ये महिंद्राची ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ मालिका आली. तिच्यात १.३ टनापासून २ टनांपर्यंतच्या गाड्या, आणि सर्वांत मोठीचा हौदा ३,०५० मिलिमीटर, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘दहा फुटी’. टोमॅटोच्या हिशेबात २ टन म्हणजे ९० कॅरेट. पण कोथिंबीर, पाव किंवा रिकामी पिंपं नेणाऱ्याला हे टन बिनकामाचे, कारण त्याचा हौदा आधी भरतो आणि वजन नंतर. याउलट फरशीवाल्याचे ७५० किलो हौद्याच्या एका कोपऱ्यातच पुरे होतात. म्हणून गाडी घेताना आधी आपल्या मालाचा आकार सांगावा, मग टनांचं विचारावं. शोरूममध्ये बहुतेक वेळा क्रम उलटा असतो.

योद्धाच्या चेहऱ्यामागे एक गमतीदार वंशावळ आहे. तिचा सांगाडा मूळचा ‘झेनॉन’चा. २००९ मध्ये टाटांनी भारतात झेनॉन आणली ती हौशी माणसासाठी : पुढे-मागे सीटं, चकचकीत रंग, सुट्टीला समुद्रकिनारी जाणारा मालक. असे मालक फारसे मिळाले नाहीत. २०१७ मध्ये त्याच घराण्यातली गाडी योद्धा म्हणून आली, कामगाराचे कपडे घालून, आणि ती चालली. त्याआधीची गंमत याच्या नेमकी उलट आहे. १९८८ चा ‘टाटामोबाइल’ हा पिकअप आधी आला, आणि त्याच्याच सांगाड्यावर पुढे ‘सिएरा’ आणि ‘इस्टेट’ या रुबाबदार गाड्या उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्याकडे पिकअपला नटवून मोटार करता आली, पण पिकअपलाच मोटार म्हणून विकणं जड गेलं. २०१६ मध्ये इसुझुची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स खासगी मालकासाठी आल्या. रस्त्यात दिसल्या की लोक वळून बघतात, आणि बघून झाल्यावर एसयूव्ही घेतात.

अमेरिकेत चित्र पार वेगळं आहे, आणि पासिंग व रुबाब यांची ओढाताण तिथेच सर्वांत स्वच्छ दिसते. तिथल्या ‘कॉम्पॅक्ट’ पिकअपच्या वर्गात सध्या दोन नावं घेतली जातात, फोर्डची मॅव्हरिक आणि ह्युंदाईची सांता क्रूझ. दोन्ही २०२२ च्या मॉडेल म्हणून आल्या. दोन्हींना ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, मोटारीसारखं सलग अंग आहे. सांता क्रूझ तर ‘टक्सन’ची सख्खी बहीण.

मॅव्हरिकची वहनक्षमता १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. आपल्या छोट्या हत्तीपेक्षा ७० किलोंनी कमी! गाडी मात्र पाच मीटरहून लांब, आणि त्यात हौदा साडेचार फुटांचा, लांबीच्या जेमतेम २७ टक्के. उरलेल्या जागेत पाच माणसं, वातानुकूलन, हवेच्या पिशव्या आणि हायब्रिड यंत्रणा. म्हणून दोन्हींना एका तराजूत घालणं अन्यायाचं ठरेल. एस ताशी साठच्या आसपास दमते, मॅव्हरिक महामार्गावर कुटुंब घेऊन धावते. तरीही एक गोष्ट खरी : माणसांना दिलेला प्रत्येक किलो मालातून कापावा लागतो, मग कारखाना कुठेही असो.

रुपाबाबत अमेरिकेतल्या त्या दोघींनी वेगवेगळे रस्ते धरले. मॅव्हरिक चौकोनी, थोरल्या फोर्ड ट्रकांच्या चेहऱ्याची. मागचा फाळका अर्ध्यावर अडवता येतो, त्यामुळे चार बाय आठ फुटांचं प्लायवूड चाकांच्या कमानींवर सपाट बसतं. सांता क्रूझची काच मागे तिरकी उतरते, दिवसाचे दिवे जाळीतच लपवलेले, अंगावर घड्या. कंपनीने तिला ट्रक म्हणायचंही टाळलं, ‘साहसी स्पोर्ट वाहन’ अशा अर्थाचं नाव दिलं. गिऱ्हाइकाने निकाल दिला : २०२४ मध्ये अमेरिकेत मॅव्हरिक १ लाख ३१ हजारांवर विकल्या गेल्या, सांता क्रूझ ३२ हजारांच्या आसपास. पिकअप घेणाऱ्याला ती पिकअपसारखी दिसायला हवी असते, असं यावरून म्हणता येतं. मॅव्हरिक सुरुवातीला २० हजार डॉलरच्या आतून मिळत होती, हेही निकालात धरायलाच हवं.

परत आपल्या बाजारात. रुबाबाची मागणी इथेही वाढते आहे, आणि कंपन्या ती आधी जाळी, दिवे आणि स्टिकर यांवर भागवतात, कारण त्याला वजन लागत नाही. ड्रायव्हरच्या वाट्याला येणाऱ्या सुखाला वजन लागतं आणि पैसेही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं, पण ते साडेतीन टनांहून जड वर्गाला. छोटा हत्ती आणि बहुतेक पिकअप त्याखाली येतात, म्हणजे मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर भर दुपारी कांदा नेणारा ड्रायव्हर या नियमाबाहेर. आकड्यांच्या जाहिरातीत ही ओळ कुठेच नसते.

शहरातल्या शहरात, बोळांतून, दिवसाला दहा फेऱ्या असतील तर चपटं तोंडच घ्यावं. घाट, महामार्ग आणि टनाच्या वरचा माल असेल तर नाकवाली. दिसण्यासाठी घ्यायची असेल तर हौद्याकडे बघू नये.

पुढच्या आठवड्यात सीएनजीची टाकी. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते आणि सीएनजीवर ६२५. मधले ११५ किलो कुठे जातात, तो हिशेब तेव्हा.