पेट्रोलचा पाइप : कुठे लोखंडी, कुठे रबरी?

कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी घ्या. टाकी मागे, पंप पुढे इंजिनावर. मधला लोखंडी पाइप गंजला, की कुणीतरी सुचवतंच, ‘पूर्ण रबरी टाकू, स्वस्तात होईल.’ इथं थांबा! गाडीखाली दगड लागतात, सायलेन्सरची धग असते. तिथं धातूच हवा. इंजिन मात्र हादरतं, म्हणून बॉडी आणि पंप यांच्यामधला वीतभर तुकडाच लवचिक ठेवायचा. तोही ‘एसएई जे३० आर९’ छापलेला घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या प्रकारचं रबर त्यानं फुगतं, मग भेगाळतं. पाइपाच्या टोकाला कडा उठवून घ्या, नाहीतर क्लिप असूनही होज निसटते. पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकलं, तर गाडी पेटायला क्षणही पुरतो.